गुरुवारचा रकाना

कोरा रकाना मला बघवत नाही. तीस वर्षं बॉयलरवर काढली, त्यातून दोन गोष्टी अंगाला चिकटल्या. एक उजव्या कानाचं बहिरेपण आणि दुसरी ही. बॉयलरच्या खोलीत भिंतीला पॅड टांगलेलं असतं आणि त्याला लॉगशीट. दर तासाला वाफेचा दाब, पाण्याची पातळी, चिमणीचं तापमान बघायचं आणि रकान्यात भरायचं. आता माणूसच तो. कधी चहाला जातो, कधी गप्पांत रमतो, कधी नुसताच कंटाळतो, आणि एखादा तास चुकतो. मग काय करायचं हे माझ्या सीनियरने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. वरच्या तासाचा आकडा बघायचा आणि तोच खाली उतरवायचा, फार तर जरा इकडेतिकडे करायचा. कोरा रकाना दिसला तर साहेब विचारतो, भरलेल्याबद्दल कुणी विचारत नाही. मीही पुढे नव्या पोरांना हेच शिकवलं, आणि शिकवताना आपण काही चुकीचं करतोय असं मला कधी वाटलं नाही.

ही सवय मी कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी आलो असतो तर एक बाई आज कदाचित जिवंत असती. ‘कदाचित’ हा शब्द मला लोकांनी दिलाय, धीर द्यायला म्हणून. मी तो वापरतो. माझा त्यावर विश्वास नाही.

बोईसरला आलो तेव्हा मी पंचविशीतला होतो, सांगलीकडचा. कारखाना, भाड्याची खोली आणि बाजार एवढंच माझं बोईसर. पश्चिमेला समुद्रापर्यंत आणि पूर्वेला डोंगरापर्यंत माणसं राहतात हे माहीत होतं, पण गावाला गेल्यावर ‘तिकडची माणसं कशी आहेत’ असं कुणी विचारलं की मी हिंदी बोलणाऱ्या आमच्या फिटरबद्दल सांगायचो. पन्नाशीला आल्यावर याची लाज वाटायला लागली. उशिरा सुचलेलं शहाणपण, आणि त्यातही हौसच जास्त. मी इंटरनेटवर एक रोजनिशी काढली. माणसं सात, प्रत्येकाला एक वार. आपल्या वारी आपला दिवस लिहायचा, मला फोनवर पाठवायचा, मी तो तिथे लावायचा. नियम दोनच होते. कुणी नाव घालायचं नाही, म्हणजे मोकळेपणाने लिहिता येईल. आणि एकही दिवस कोरा जाता कामा नये. हा दुसरा नियम कुणाच्या डोक्यातून आला ते सांगायला नको.

नावं नसल्यामुळे सगळे एकमेकांना वारानेच ओळखायचे. सोमवार घिवलीच्या एका मासळी विकणाऱ्या मावशीचा. तिला लिहायला जमायचं नाही, ती बोलून पाठवायची आणि मी उतरवून घ्यायचो. मंगळवारी उमरोळीचे एक निवृत्त मास्तर शेजाऱ्याशी बांधावरून चाललेल्या भांडणाचा अहवाल द्यायचे. ते भांडण तीन वर्षं चाललं आणि वाचणाऱ्यांनी त्यात दोन पक्ष पाडले. रविवार माझा. बाकीच्यांबद्दल इथे सांगण्यासारखं नाही, एक गुरुवार सोडून.

गुरुवारवाली मला आमच्याच कारखान्यात भेटली. मनोरच्या पुढे डोंगराला लागून तिचं गाव. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, कंत्राटदाराकडून पॅकिंगला आलेली. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका पाठ टेकायच्या, तेव्हा ही खोक्याच्या लेबलामागे काहीतरी लिहीत बसायची. विचारलं तर लेबल मुठीत चुरगाळलं. आठ दिवसांनी स्वतःच आणून दिलं. त्यावर असं होतं: ‘आज नदीत पाणी गुडघ्याच्या खाली गेला. खडकात हात घातला तर खेकड्यानी बोट धरला. मी पन त्याला धरला. दोघं पन सोडीत नव्हतो. माजी तब्येत बरी हाय.’

मी गेली कित्येक वर्षं वर्तमानपत्राला पत्रं पाठवणारा माणूस, स्वतःला लेखक समजणारा. ते लेबल वाचून मला माझ्या सगळ्या पत्रांची कीव आली. तिला गुरुवार दिला.

पुढे ती पॅकिंग सोडून गेली, लग्न झालं, पण गुरुवार तिने सोडला नाही. गावात रेंज नव्हती. टेकाडावर चढून पाठवायची. मी तिचं थोडं नीट करून लावायचो. ‘पाणी गेला’चं ‘पाणी गेलं’ करायचो, ‘पन’चं ‘पण’. तिने कधी हरकत घेतली नाही, आणि मी कधी विचारलं नाही. शेवटच्या ओळीला मात्र मी हात लावला नाही. तिचा प्रत्येक गुरुवार ‘माजी तब्येत बरी हाय’ याच ओळीने संपायचा. तो तिचा शिक्का आहे असं मी धरून चाललो. वाचणाऱ्यांनाही ती ओळ आवडायची. कुणी आजारातून उठला की खाली लिहायचा, माजी पण तब्येत बरी हाय.

दिवाळी झाली की त्या बाजूची घरं रिकामी होतात. पावसाचं भात घरात येतं, ते संपायच्या आधी माणसं वीटभट्टीला जातात आणि पुन्हा पावसाच्या तोंडावर परत येतात. त्या वर्षी ती नवऱ्याबरोबर भिवंडीच्या बाजूच्या एका भट्टीवर निघाली. पाचवा महिना होता. निघायच्या आधी तिने मला फोन केला. गुरुवार चुकवणार नाय, नवऱ्याच्या फोनवरून पाठवीन, म्हणाली. मग सांगितलं की तिची आई तिचा गुरुवार ऐकते. आईकडे फोन नाही. अंगणवाडीच्या बाई टेकाडावर जाऊन तो फोनवर उतरवून आणतात आणि शुक्रवारी पोरांची खिचडी झाली की आईला बोलावून वाचून दाखवतात. मला याचा इतका अभिमान वाटला की मी ते आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटलो. आपली रोजनिशी अंगणवाडीत वाचली जाते. अभिमान नडतो म्हणतात. मला तो नडला नाही, दुसऱ्याला नडला.

भट्टीवरून पहिला गुरुवार आला तो मजेत होता. शेजारच्या झोपडीतल्या बाईचा कोंबडा हिच्या कोंबडीच्या मागे लागला होता, त्यावरून बायकांची जुंपली. तब्येत बरी होती.

दुसरा गुरुवार आला तो तोकडा होता. चिखल फार झालाय, चपला पायात बसत नाहीत, नवऱ्याच्या घालून हिंडते, समोर एक मोहाचं झाड आहे, आपल्याकडच्यासारखंच. बस. शेवटची ओळ नव्हती. मी पहिल्या शिफ्टहून नुकताच आलो होतो, ताटात भाकरी होती, डाव्या हातात फोन. घाईत विसरली असेल, असं वाटलं. रकाना कोरा दिसला आणि मी भरला. ‘माजी तब्येत बरी हाय.’ चार शब्द. त्यासाठी मी भाकरीचा घाससुद्धा खाली ठेवला नाही. नवऱ्याच्या चपला घालून हिंडणारी बाई लोकांना विनोदी वाटली, खाली बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले.

तिसऱ्या गुरुवारी काहीच आलं नाही. मी एकदा फोन लावला, तो बंद होता. एकदाच लावला हे नीट सांगतो, कारण नंतर मी स्वतःला बरेच दिवस पटवत होतो की पाच-सहा वेळा लावला असेल. मग मी बसलो आणि तिचे जुने गुरुवार काढले. एकातून थंडी घेतली, एकातून कोंबडी, एकातून चुलीचा धूर. मोहाचं झाड होतंच. शेवटी शिक्का मारला. वरच्या तासाचा आकडा खाली उतरवला, जरा इकडेतिकडे केला.

असे मी चार गुरुवार भरले. जित्याची खोड. आणि खरी शरम पुढेच आहे. मला ते आवडायला लागलं होतं. लोक लिहायचे, गुरुवारवालीचा हात आता बसला, किती छान लिहायला लागली. मी त्या शाबासक्या वाचून मिशीतल्या मिशीत हसायचो. एकट्या सोमवारच्या मावशीला वास आला. तिच्या बोलण्याच्या शेवटी ती सहज म्हणाली होती, ‘ती गुरवारची पोर हल्ली तुज्यासारकी बोलाय लागली रं.’ मी तेवढं गाळून बाकीचं उतरवलं.

त्यानंतरच्या आठवड्यात अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला. गुरुवारवाली गेली होती. सातव्या महिन्यात अंगावर सूज आली, मग झटके यायला लागले, टेम्पोत घालून दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. पोटातलंही गेलं. नवऱ्याचा फोन केव्हाच मातीच्या खड्ड्यात पडून बिघडला होता, त्यामुळे ती आजारी आहे हे गावात कुणालाच कळलं नव्हतं. बाई रडत होत्या आणि मला सांगत होत्या की काका, गेल्या शुक्रवारीच तर आम्ही वाचलं, किती आनंदात होती.

दिवसकार्य झाल्यावर मी गेलो. मनोरला उतरलो, तिथून जीप, मग पायी. अंगणवाडीच्या बाई मला तिच्या आईकडे घेऊन गेल्या. मी मनात सगळं जुळवून नेलं होतं. मीच लिहिलं, चूक झाली, पाया पडतो. कुडाचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, भिंतीत खुंटी, खुंटीला गच्च भरलेली कापडी पिशवी. आई माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असेल. तिने मला बसायला घोंगडी टाकली आणि पाणी दिलं. आपल्या लेकीचं लिहिलेलं जगाला दाखवणारा माणूस म्हणून माझा मान ठेवला.

मग तिने सांगितलं. लेक निघाली तेव्हा दोघींचं ठरलं होतं. नवऱ्याच्या फोनवरून ‘आई, ये’ असं कळवता आलं नसतं. नवरा वाचणार, मुकादमाच्या कानावर जाणार. भट्टीवर आगाऊ पैसे देऊन नवराबायकोची जोडी धरलेली असते, त्यातली बाई माहेरी निघाली की तमाशा होतो. म्हणून आईने एक तोड काढली होती.

‘तिला बोलली व्हती मी,’ आई म्हणाली. ‘बरी असशील तं बरी हाय लिव. नसशील तं लिवू नको. कोनाला कलनार नाय. मला कलंल, मी येन.’

ती ओळ शिक्का नव्हती. निदान त्या दोन महिन्यांत तरी नव्हती.

आई पुढे बोलत होती. चपलांचं ऐकलं तेव्हाच तिने ओळखलं होतं. पायाला सूज आल्याशिवाय बाई नवऱ्याच्या चपला घालत नाही. पिशवी लेक निघाली तेव्हापासूनच भरून ठेवली होती, तांदळाचं पीठ, एक लुगडं, अंगाला चोळायला मोहट्याचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. बाईंनी शेवटची ओळ वाचली आणि पिशवी खुंटीला राहिली. मग दर शुक्रवारी तेच. बरी हाय, बरी हाय. हे सांगताना ती रडत नव्हती. ती चिडलेली होती, आणि कोणावर ते मला उशिरा उमगलं.

‘खोटं लिवलं तिनी माज्याशी,’ ती म्हणाली. ‘आईशी कोन खोटं बोलतं, भाऊ?’

तेव्हाच बोलायला हवं होतं. तेवढ्यात अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, काका आलेच आहेत तर त्यांच्याच तोंडून ते शेवटचे गुरुवार ऐकू. आईने मान हलवली. आणि मी बाईंच्या फोनवरून वाचले. एक तिचा आणि चार माझे, पाचही, त्या अंगणात बसून, चष्मा पुसून पुसून. प्रत्येकाच्या शेवटी ‘माजी तब्येत बरी हाय’ म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ती बाई तोंड फिरवून डोंगराकडे बघायची. परत निघताना तिने मला रुमालात बांधून वालाच्या शेंगा दिल्या. त्या मी घेतल्या.

जीपमध्ये मी फोन काढून तिचा मूळ निरोप शोधला. माझीच आठवण चुकली असेल, ती ओळ तिनेच लिहिली असेल, अशी एक वेडी आशा होती. नव्हती लिहिली. मोहाचं झाड आपल्यासारखंच हाय, आणि खाली काही नाही.

तीन दिवस कामाला गेलो नाही. चौथ्या दिवशी घिवलीला गेलो. सोमवारची मावशी सुकत घातलेले बोंबील उलटत होती. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या घालील, बरं वाटेल. तिने हातातलं काम थांबवलं नाही. इतकंच म्हणाली, ‘दर्यावर नाय गेलो त्या रोजी आमी टोपली कोरी ठेवतो. तुला काय झालेलं?’ थोड्या वेळाने म्हणाली, की पोरीच्या डोक्यावरचं खोटं आधी उतरव, मग पुढचं. मेलेलीला ते उतरवता येत नाही.

घरी येऊन मी चार गुरुवार काढून टाकले. तिच्या शेवटच्या गुरुवारातली मी घातलेली ओळ काढली. माझे सगळे ‘पण’ पुन्हा ‘पन’ केले, जेवढे मूळ निरोप सापडले तेवढे. रविवारी माझ्या जागेवर काय घडलं ते लिहिलं. बरेच जण सोडून गेले, मास्तरांनी तर मला फोन करून झापलं, आणि एकाने लिहिलं की तुमचा हेतू चांगला होता. तो माणूस मला सर्वांत नकोसा वाटला. हेतूबितू काही नव्हता. रकाना होता.

मग पुन्हा मनोर, जीप, पायवाट. या वेळी अंगणवाडीच्या बाईंना बरोबर घेतलं नाही, कुणाच्या आडोशाला बसायचं नव्हतं. दुपार होती. आई अंगणात एकटीच वाल सोलत होती. मी उभ्यानेच सांगितलं. शेवटचे चार तिचे नव्हते, माझे होते. ती तुझ्याशी खोटं बोलली नाही, मी बोललो. किती वेळ बोललो कोण जाणे, मधे मधे माझं मलाच ऐकू येत नव्हतं. तिचे हात थांबले होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग तिने विचारलं, ‘मंग तिचं सोताचं शेवटलं कंचं?’

मी फोन काढला. तिने लिहिलेलं, जसं आलं होतं तसं, न सुधारता वाचलं. ‘चिखल लय झाला. चपला पायात बसत नाय, नवऱ्याच्या घालते. समोर मोवाचा झाड हाय, आपल्यासारकाच.’

मी थांबलो. ती वाट बघत होती. तिला पुढची ओळ पाठ होती, ओठ हललेले मी पाहिले.

‘आनि?’ ती म्हणाली.

एवढंच आहे, मी म्हटलं. पुढची ओळ तिने लिहिली नव्हती, तीपण मी घातली.

मला वाटलं होतं ती मला मारेल, निदान हाकलून देईल. मी त्यासाठीच गेलो होतो, आता लपवून काय उपयोग. ती उठली, खुंटीवरची पिशवी काढली आणि मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. पिशवीची गाठ अजून सुटलेली नव्हती.

‘म्हंजे तिनी बोलवलं व्हतं मला,’ ती म्हणाली.

मग ती पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली, आणि मी अंगणात उभा.